कोपरा फाडलेलं कार्ड

इरा, मागच्या रविवारी तू फोनच्या पडद्यावर मला तुझ्या हातानं केलेलं वाढदिवसाचं कार्ड दाखवत होतीस, तेव्हा माझं लक्ष कार्डाकडे नव्हतंच. तुझ्या डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीखाली, जांभळ्या शाईचा लांबट डाग होता, तो मी पाहत होते. माझं लक्ष कुठं आहे हे कळल्यावर तू हात पाठीमागे नेलास. तुझी आई हसून म्हणाली, "लेफ्टी आहे ना ती, लिहीत जाते आणि पुसत जाते." तुझ्या भावानं, निशांतनं, तुला काहीतरी चिडवलं आणि मग फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला. मला त्या डागाविषयी तुझ्याशी बोलायचं होतं. ते राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या या आजीनं जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं. दोनदा सुरुवात करून पाहिली. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला तयार होईनात, आणि माझी आत्या तर मुळीच नाही. आईला शेजारी बसवा आणि वाचून घ्या. घाई नाही.

तेव्हा आम्ही औरंगाबादला, औरंगपुऱ्यात, भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पत्र्याची पडवी. माझे वडील, म्हणजे नाना, रस्त्यांच्या सरकारी खात्यात नकाशे काढायचे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची तिरकी मेज होती, तिच्यावर पोलादी पट्टी, शाईच्या दोन दौती, टाकांचा पेला आणि टिपकागद, आणि यातली कुठलीही वस्तू जागची हललेली त्यांना चालत नसे. माझ्यात जो नीटनेटकेपणा आहे आणि ज्याला तुमचा बाबा हसतो, तो तिथला आहे. शेजारच्या घरात हिमरूच्या शाली विणायचा माग होता. तिथल्या रजियाखालांचे यजमान सकाळपासून मागावर बसत आणि भिंतीपलीकडून दिवसभर खटक्‌-खट, खटक्‌-खट असा आवाज येई. दुपारी जेवणापुरता तो थांबला की घर एकदम मोठं वाटायचं.

मी डावरी. बोलायला लागायच्या आधीपासून डावरी, असं आई सांगायची. जेवायचं उजव्या हातानं, देवाला फूल उजव्या हातानं, एवढं तिनं मला शिकवलं होतं, पण लिहिण्याच्या बाबतीत तिनं कुणाचं ऐकलं नाही. "लिहिणारी ती आहे. हात तिचा आहे," एवढंच म्हणायची. मी टाक दौतीत बुडवून लिहायला लागले की माझा हात ओल्या अक्षरांवरून सरकत पुढं जाई. अक्षरं फासली जायची, हात काळा-निळा व्हायचा. शाळेत बाकावर दुसऱ्या मुलींच्या कोपराला माझं कोपर लागायचं, म्हणून बाईंनी मला अगदी डाव्या टोकाला, भिंतीकडे बसवलं होतं. तिथं माझ्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला बाईंनीच राखायला सांगितलेली रिकामी जागा. मी त्या जागेवर माझं दप्तर ठेवत असे, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

मी चौथीत असताना आईला क्षय निघाला. त्या काळी तो शब्द घरात मोठ्यानं उच्चारत नसत. तिला पार मिरजेच्या बाजूला, क्षयाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका दवाखान्यात ठेवलं. जाण्याआधीचे पंधरा दिवस ती पडवीत राहायची आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे. मधे चार पावलांचं अंतर, ते ओलांडायचं नाही. मी पाटीवर लिहून तिला दाखवायची, ती तोंडाला पदर लावून वाचायची आणि मान डोलवायची. गेल्यावर ती पाटी बंद झाली आणि कार्डं सुरू झाली. दर शनिवारी नाना एका पोस्टकार्डावर आपल्या छापल्यासारख्या अक्षरात आठ-दहा ओळी लिहीत आणि खालची चार बोटं जागा मला ठेवत. माझ्या ओळी नेहमी फासलेल्या असत. एकदा मी फार खट्टू झाले आणि लिहिलं की पुढच्या वेळी स्वच्छ लिहीन. तिचं उत्तर आलं: "स्वच्छ नको. तुझ्या अक्षरावरून तुझा हात फिरलेला दिसतो, तो मी बघते. इथं मला तेवढंच बघायला मिळतं."

घर चालवायला फुलंब्रीहून आत्या आली. नानांची थोरली बहीण, विधवा, उंच, हाडापेरानं मोठी, आवाज विहिरीवरून हाक मारावी तसा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटे तिच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा आणि त्यामागून पलीकडचा माग जागा व्हायचा. ती येसर, म्हणजे भाजल्या डाळींचं मसालेदार पीठ, घालून आमटी करायची, करडईच्या तेलात ठेचा परतायची, आणि माझ्या भाकरीवर मीठ-तेल लावून ती गुंडाळून हातात द्यायची. आईच्या हातचं जेवण फिकं असायचं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी ताटावर बसून मुद्दाम म्हणायची, "आई असं तिखट करत नाही."

"नसंल करत," आत्या म्हणायची. "म्हणून तर तू अशी काडी ऱ्हायली."

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अभ्यासाला बसले आणि डाव्या हातात टाक घेतला. आत्या दळण निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे काय गं विमले? त्या हातानं सरस्वती लिहिती?"

"मी याच हातानं लिहिते. आईनं सांगितलंय."

"आई तुझी आजारी हाय बाई. तिला काय सुधरत असंल? उद्या सासरी गेल्यावर डाव्या हातानं वाढलंस मंजी पंगत उठून जाईल. पुना माझ्या भावाला बोल लावतील, का बिन-आईची पोर, कुणी वळण नाय लावलं."

बिन-आईची म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. पुन्हा सूप हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती पाखडत राहिली. पण तिनं ठरवलं ते ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून मी लिहायला बसले की जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन ती माझं डावं मनगट कमरेशी बांधायची. घट्ट नाही, पण सुटणार नाही असं. मी नानांकडे पाहिलं. ते नकाशावर वाकलेले होते, म्हणाले, "अक्का म्हणते ते ऐक काही दिवस." नानांना भांडण चालत नसे, जसं मेजेवरची वस्तू हललेली चालत नसे. एकदा रजियाखाला वाटीभर शेवया घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "अगे माँ! काय कू बांधे बच्ची का हात?" आत्यानं वाटी घेतली, तिच्यात गूळ घालून परत दिली आणि म्हणाली, "वळण लावायलेय, खाला." खाला माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हमारी उर्दू लिखती तो तेरा हात कब्बी काला नै होता. उल्टे बाजू से आती ना." त्या गेल्यावर मी पुष्कळ दिवस विचार करत होते की शेजारच्याच घरात एक लिपी आहे जिच्यात मी सरळ आहे, आणि मी जन्मले ती भिंतीच्या या बाजूला.

उजव्या हातानं लिहिताना कसं वाटतं हे तुम्हाला कसं सांगू? परक्याच्या घरी पाणी मागावं तसं. शब्द डोक्यात तयार असायचा, पण हात त्याला घ्यायला येतच नसे. अक्षरं मोठी, थरथरती, म्हाताऱ्या माणसाची सही असते तशी. एक पान भरायला संध्याकाळ जायची. संध्याकाळी पट्टी सोडल्यावर आत्या माझ्या मनगटाला एरंडेल चोळायची आणि म्हणायची, "चार महिन्यांत बघ. आई आली मंजी म्हनंल, ही कुणाची पोर?" मी हात ओढून घ्यायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्या तळहाताची ऊब आवडायची, आणि दुसरी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे. त्या दिवसांत मी कुणाशी फारसं बोलतच नव्हते. बोलायचं ते मी आजवर लिहीत आले होते, आणि लिहिणाऱ्या हाताला कमरेला बांधून ठेवलेलं होतं.

दोन शनिवार मी कार्डावर नुसतं नाव लिहिलं. मग दिवाळीनंतर नाना सिल्लोडच्या रस्त्याच्या मोजणीला कॅम्पवर गेले. जाताना त्यांनी एका कार्डावर पत्ता लिहून ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी तूच लिही. पूर्ण कार्ड तुझं." पूर्ण कार्ड! मी ठरवलं की ते उजव्या हातानं लिहायचं, एकही ओळ न फासता. आत्यासाठी नाही. आई म्हणाली होती स्वच्छ नको, तरी मला वाटलं की एकदा स्वच्छ अक्षर पाहिलं की तिला आनंदच होईल, आणि कदाचित बरंही वाटेल. शनिवारी सकाळी आत्या मागं धुणं धूत होती. मी मेजेवर बसले आणि सकाळची शाळा चुकवून दोन तास लिहिलं. ते सगळं मला अजून पाठ आहे. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. मी आता कुणाला त्रास देत नाही. माझा हात आता काळा होत नाही. तू माझी काळजी करू नकोस." वाळल्यावर पाहिलं तर गावाचं नाव आणि तारीख वर घालायची राहिली होती. टाक बुडवला, वरच्या उजव्या कोपऱ्यावर नेला, आणि औरंगाबादचा औ काढायच्या आत निबातून शाईचा हा एवढा थेंब पडला.

दुसरं कार्ड घरात नव्हतं. टिपकागदानं टिपलं तर डाग आणखी पसरला. बाकी सगळं कार्ड इतकं स्वच्छ होतं की मला तो एक डाग सहन होईना. मग मी नानांची पोलादी पट्टी कोपऱ्यावर आडवी ठेवली आणि तेवढा त्रिकोण सरळ रेषेत फाडून काढला. अगदी नीट. नानांनीही नाव ठेवलं नसतं. शाळेच्या बाजूला जाऊन मी कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीवर एक थाप मारली.

तुम्हाला हे माहीत असणं शक्य नाही, आणि तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे कुणी गेल्याचं कळवायचं तर त्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमन असं कार्ड हातात न देता उंबऱ्याबाहेर ठेवून जाई. घेणारा मजकूर वाचण्याआधीच बसून घेई. वाचून झालं की ते फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, आणि आंघोळ करायची. आमच्या घरी माझ्या समजत्या वयात असं कार्ड आलेलं नव्हतं.

आई आली ती नवव्या दिवशी, दुपारी, माग थांबलेला असताना. म्हणून टांग्याचा आवाज लांबूनच आला. नाना आदल्या दिवशीच कॅम्पवरून परतले होते. मी ओट्यावर करडईची भाजी निवडत होते. टांग्यातून एक बाई उतरली, तिच्या खांद्यावर शाल, हातात पिशवी, आणि चेहरा इतका लहान झालेला की आधी मी ओळखलं नाही. ती मला पाहून जागच्या जागी उभी राहिली. मी धावले, तर तिनं हात पुढं करून मला थांबवलं. चार पावलं. मग ती रस्त्यातच, ओट्याच्या पायरीला टेकून, खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. खोकला आणि रडणं एकत्र.

डॉक्टर सोडत नव्हते. तिनं आपल्या जबाबदारीवर जाते म्हणून सही केली होती आणि अंगात ताप असताना दोन दिवस, तीन गाड्या बदलून, एकटी आली होती. पिशवीतून तिनं कार्ड काढलं. पत्ता नानांच्या अक्षरातला. कोपरा फाडलेला. आणि मागं मुलीच्या नावानं मजकूर, पण अक्षर कुणा तिसऱ्याच माणसाचं, एक ओळही फासलेली नाही. मी कुणाला त्रास देत नाही. माझा हात आता काळा होत नाही.

"मला वाटलं, तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून कुणाकडून तरी हे असं लिहून घेतलंत," ती नानांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "विमल, पाटी आण. लिही. माझ्यासमोर लिही."

मी पाटी आणली आणि उजव्या हातात पेन्सिल घेतली. ती एकदम ओरडली, "त्या हातानं नाही!" मी डाव्या हातात घेतली. बाही मागं सरकली आणि मनगटावरचा पट्टीचा काळसर वळ तिला तेवढ्या अंतरावरूनही दिसला. पुढं बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"कोपरा कुणी फाडला?"

नानांनी आत्याकडे पाहिलं. ते घरात नव्हते, मी लहान, मग राहिलं कोण? आत्या दारात उभी होती, हाताला पीठ.

"वन्सं," आई म्हणाली, "मी मरावं असं वाटत होतं तर मला तसं तोंडावर म्हणायचं होतं. पोरीच्या नावाचं कार्ड फाडलंत?"

मला आता बोलायचं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मी फाडला, डाग पडला म्हणून. चार-पाच शब्द. पण आई ज्या आवाजात बोलत होती तो आवाज माझ्यावर वळेल, ती मला पुन्हा चार पावलांवरून तसंच पाहील, या भीतीनं माझी जीभ हलली नाही. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. निवडताना खडा हाताला लागावा आणि तो बाजूला ठेवावा, तेवढंच पाहिलं. आणि मग म्हणाली, "फाटला असंल माझ्याच हातनं. मला अडाण्याला काय कळतंय कागुदातलं."

"कोपऱ्याचं कुणाला कळत नाही?" आई म्हणाली. आत्यानं आत जाऊन उरलेल्या भाकरी थापल्या. थापण्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती फुलंब्रीला गेली. नाना तिला पोचवायला स्टँडवर गेले आणि वाटेत दोघं काय बोलले ते मला कधी कळलं नाही. मी झोपल्याचं सोंग करून पडले होते. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली, तिच्या लुगड्याला येसराचा वास होता, आणि मग ती गेली. शाळेत जायला निघाले तेव्हा मी पेन्सिलींची डबी उघडली. आत शाईनं निळा झालेला कागदाचा त्रिकोण होता. मी तो नानांच्या मेजेखाली टाकला होता. तिथं रोज झाडणारी आत्या होती. ती हे त्या शनिवारपासूनच जाणत होती की काय, की आईच्या हातात कार्ड पाहिल्यावर तिला जुळलं, हे मी तिला विचारू शकले असते.

आई दहा दिवसांनी परत दवाखान्यात गेली. त्या प्रवासानं तिची तब्येत फार मागं गेली. सहा महिन्यांत घरी यायची ती दोन वर्षांनी आली. ती दोन वर्षं माझं मनगट मोकळं होतं. शाळेतून आले की मी कुलूप उघडायची, रजियाखालांनी झाकून ठेवलेलं काहीतरी खायची, आणि मेजेवर बसून डाव्या हातानं पानंच्या पानं लिहायची. मागाचा आवाज यायचा. कुणी "हे काय गं विमले" म्हणणारं नव्हतं. दर शनिवारी मी आईला लांबलचक, फासलेलं पत्र लिहीत असे. त्यात शाळा असे, भाजी असे, खालांची मांजर असे. कोपरा नसे.

आई बरी होऊन आली आणि पुढं पुष्कळ जगली. तुमच्या बाबाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. पण आत्याचं नाव तिनं घरात निघू दिलं नाही, आणि आत्या पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आली नाही, माझ्या लग्नालाही नाही. मी स्वतःला सांगायची की पत्र लिहावं. मग सांगायची, तिला वाचता येत नाही, म्हणजे गावातलं कुणीतरी ते चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवणार. मग सांगायची, आईची प्रकृती नाजूक आहे, आता कशाला उकरायचं. फुलंब्री काही मिरज नव्हे. आज औरंगाबादच्या क्रांती चौकातून निघालं तर तासाभराच्या आत पोचता येतं, आणि तेव्हाही अर्ध्या दिवसात जाऊन येता आलं असतं. कॉलेजात मी मुलांना उत्तरपत्रिकेत खाडाखोड केली तरी चालेल, पण खरं ते लिहा असं सांगायची. आई गेल्यावर तर कुठलं कारणही उरलं नव्हतं. मी नव्या वर्षाच्या सुट्टीत जायचं ठरवलं होतं.

त्याआधीच एका दुपारी पोस्टमननं बेल वाजवली. मी दार उघडलं तर तो जिन्यापर्यंत पोचला होता आणि कार्ड पायपुसण्यावर पडलेलं होतं. कोपरा फाडलेला. फुलंब्रीचा शिक्का. अक्षर ओळखीचं नव्हतं. मी ते न वाचताच दारात बसले.

असं कार्ड घरात ठेवायचं नसतं. मी ठेवलं आहे. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, पाकिटात, त्या निळ्या त्रिकोणाशेजारी. मी गेल्यावर खण तुमच्यापैकीच कुणीतरी उघडाल आणि ही कसली कागदाची चिंधी म्हणून टाकून द्याल, म्हणून हे सगळं आत्ताच सांगून ठेवलं. एकदा मी तो तुकडा कार्डाच्या फाटलेल्या कोपऱ्याला लावून पाहिला. जुळणार नाही हे मला माहीत होतं, दोन वेगळी कार्डं होती ती. तरी पाहिला. तुकडा लहान पडतो.